एक घाव, दोन तुकडे आणि सतरा गोष्टी

ट्रेकची रात्र, गारठा, तंबूपुढे पेटलेली शेकोटी. पण शेकोटीच्या आधी सरपण लागतं आणि सरपणाच्या आधी कुऱ्हाड. माणसाच्या हातात लाखो वर्षं असलेल्या या हत्याराबद्दल एक समज घट्ट बसला आहे: कुऱ्हाड चालवायला दंडात बळ हवं. खरं तर तिला हवी धार, हवा नेम आणि हवी शिस्त. सतरा गोष्टींत बघूया.

१. आधी कुऱ्हाड, दांडा फार नंतर

दगडाच्या दोन्ही बाजूंनी ढलप्या काढून घडवलेली, मुठीत धरायची हातकुऱ्हाड हे माणसाच्या सर्वांत जुन्या हत्यारांपैकी एक. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे नेवाशाजवळ चिरकी इथेही अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. यांतल्या एकीलाही दांडा नव्हता. दांडा सुचायला आणखी लाखो वर्षं गेली. वायव्य ऑस्ट्रेलियात विंजाना घळीच्या परिसरात घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडीचा एक तुकडा सापडला. तो ४४,००० ते ४९,००० वर्षांपूर्वीचा असल्याचं संशोधकांनी २०१६ मध्ये सांगितलं. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, पण दांड्याच्या कुऱ्हाडीचा जगातला सर्वांत जुना पुरावा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

२. ५,३०० वर्षांपूर्वीची कॅम्पिंग कुऱ्हाड

१९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात दोन गिर्यारोहकांना एक मृतदेह दिसला. तो निघाला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा. जगाने त्याला ओत्सी हे नाव दिलं. त्याच्याजवळ अख्खी कुऱ्हाड होती: पातं जवळजवळ शुद्ध तांब्याचं, दांडा यू वृक्षाच्या लाकडाचा, पातं बसवलेलं बर्च झाडाच्या डिंकासारख्या डांबराने आणि वर चामड्याची पट्टी गुंडाळलेली. तांबं आलं होतं थेट दक्षिण टस्कनीतून. दांड्याची लांबी सुमारे ६० सेंटीमीटर. आज पाठीवरच्या सॅकला लावायच्या कुऱ्हाडीही साधारण ४५ ते ६५ सेंटीमीटरच्याच असतात. अशा तांब्याच्या कुऱ्हाडीने, मध्ये धार न लावता, यूचं झाड ३५ मिनिटांत पाडता येतं हे प्रयोगाने दिसलं आहे. मूळ कुऱ्हाड इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात बघायला मिळते.

३. लाकूडतोड्याने लोखंडाचीच मागितली, बरं झालं!

सोन्याची कुऱ्हाड नाकारणारा प्रामाणिक लाकूडतोड्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. विज्ञानाच्या बाजूनेही त्याची निवड अचूक होती. सोनं पोलादाच्या जवळपास अडीचपट जड. म्हणजे १ किलोच्या पोलादी पात्याच्या आकाराचं सोन्याचं पातं अडीच किलोच्या आसपास भरेल. त्यात सोनं इतकं मऊ की बाभळीवर पहिल्या काही घावांतच धार दुमडेल. कुऱ्हाडीला कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही लागतात. धार कडक हवी, पण ठिसूळ नको. म्हणून तर लोहार पात्याच्या धारेलाच नेमकं पाणी देतो आणि मागचा भाग त्या मानाने मऊ ठेवतो.

४. दांडा निवडावा पारखून

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण गोतातलं कुठलंही लाकूड दांड्याला चालत नाही. आपल्याकडे धामण, तिवस, धावडा, बाभूळ ही झटका सोसणारी लाकडं दांड्यासाठी नावाजलेली. अमेरिकेत हिकरीला मान, युरोपात ॲशला. दुकानात दांडा घेताना त्याच्या टोकाकडे बघा. वलयांच्या रेघा पात्याच्याच दिशेने धावत असतील तर तो घ्या, पात्याला आडव्या असतील तर सोडून द्या, कारण असा दांडा लवकर मोडतो. पातं सैल झालं की ते पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते. लाकूड फुगून तेवढ्यापुरतं घट्ट होतं खरं, पण वाळल्यावर आधीपेक्षा सैल पडतं. योग्य उपाय म्हणजे नवी पाचर ठोकणं आणि दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल पाजणं.

५. तोडायची वेगळी, फोडायची वेगळी

झाड तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं. तिला तंतू आडवे कापायचे असतात. लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पाचरीसारखं मागे रुंद होत जातं. तिचं काम तंतू कापायचं नाही, एकमेकांपासून दूर सारायचं आहे. पातळ कुऱ्हाडीने जाड ओंडका फोडायला गेलात तर ती आत रुतून बसते. फोडायच्या सर्वांत जड प्रकाराच्या पात्याचं वजन अडीच ते साडेतीन किलोपर्यंत जातं, तर एका हाताने चालवायच्या छोट्या कुऱ्हाडीचं पातं अर्ध्या किलोच्या आसपास असतं. कॅम्पला दोन-तीन जणांची शेकोटी करायची तर ही छोटी पुरते.

६. वजन वाढवू नका, वेग वाढवा

शाळेत शिकलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र आठवा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. कुऱ्हाडीचं वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट! म्हणून सडपातळ बांध्याची, पण सराव असलेली बाई मध्यम वजनाच्या कुऱ्हाडीने ओंडका सहज फोडते आणि शेजारी पैलवान जड कुऱ्हाड उचलून दमून जातो. कुऱ्हाड डोक्यावर नेताना एक हात पात्याजवळ असतो, खाली येताना तो दांड्यावरून सरकत दुसऱ्या हाताला भेटतो. शेवटच्या क्षणी गुडघे किंचित वाकवले की पातं सरळ खाली येतं आणि नेम चुकलाच तर ते पायाकडे न वळता खालच्या ठोकळ्यात बसतं.

७. लाकूड आधी वाचा

लाकूड तंतूंच्या दिशेने ओढून तुटायला आडव्या ताणापेक्षा सहज २० पट जोर लागू शकतो. याचाच अर्थ, तंतूंच्या मधली फट सापडली की ते अलगद उकलतं. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना पडलेल्या भेगा दिसतात. घाव त्या भेगेच्या रेषेत घालायचा. जाड ओंडक्याचा मध्य फोडायच्या नादी लागू नये. कडेकडेने ढलपे काढत आत जावं. फांदी फुटलेल्या जागी गाठ असते, तिथे तंतू गुंतलेले असतात, तेव्हा गाठ टाळावी. थंड देशांत लोक कडाक्याच्या थंडीची वाट बघतात, कारण लाकडातलं पाणी गोठलं की ओंडका ठिसूळ होऊन चटकन दुभंगतो. आणखी एक सोपी युक्ती: ठोकळ्यावर जुना टायर ठेवून ओंडका त्यात उभा करा. तुकडे इकडेतिकडे उडत नाहीत आणि दर घावाला वाकावं लागत नाही.

८. ओलं सरपण म्हणजे पाणी तापवणं

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. ही सगळी उष्णता तुमच्या भाताला किंवा हाताला मिळत नाही, धुराबरोबर निघून जाते. म्हणून चांगल्या सरपणात ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा असा जगभरचा दंडक आहे. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणाला तो कायद्यानेच लागू झाला. ओळखायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टण्ण वाजलं तर वाळलेलं, धप्प वाजलं तर ओलं. फोडलेलं लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतं, कारण साल पाणी अडवून धरते. कोकणात आगोटीच्या आधी, उन्हातच लाकडं फोडून कोरड्या जागी रचायची घाई असते, त्यामागे हेच शास्त्र आहे.

९. बारा तास टीव्हीवर फक्त सरपण

फेब्रुवारी २०१३ मध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने ‘राष्ट्रीय सरपण रात्र’ साजरी केली. चार तास लाकूड तोडणं, फोडणं, रचणं यावर चर्चा आणि मग आठ तास पेटलेली शेकोटी, थेट प्रक्षेपण! सुमारे ५० लाख लोकवस्तीच्या देशात जवळजवळ १० लाख लोकांनी हा कार्यक्रम कधी ना कधी लावून पाहिला. त्याची प्रेरणा होती लार्स मित्तिंग यांचं सरपणावरचं खूप खपाचं पुस्तक. कार्यक्रम चालू असताना तक्रारींचे साठेक संदेश आले. निम्म्यांचं म्हणणं होतं, रचलेल्या लाकडांची साल वर का? उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, साल खाली का? सरपण कसं रचावं यावर एक देश इतक्या पोटतिडकीने बोलतो, ही गोष्ट मनाला फार भावते.

१०. मान वाकडी करणारी कुऱ्हाड

फिनलंडच्या हेइक्की कॅर्ना यांनी एक वेगळीच कुऱ्हाड बनवली. तिच्या पात्याचं वजन मधोमध नसतं, एका बाजूला कललेलं असतं. धार लाकडात शिरली की पातं आपोआप वळतं आणि तरफेसारखं लाकूड उकलतं. ते खोल जातच नाही, त्यामुळे अडकतही नाही. याच फिनलंडच्या फिस्कर्स गावात १६४९ साली लोखंडाचा कारखाना उभा राहिला. केशरी मुठीच्या ज्या कात्र्या जगभरच्या शिंप्यांच्या हातात दिसतात त्या याच कंपनीच्या, आणि कॅम्पिंगच्या फायबर दांड्याच्या लोकप्रिय कुऱ्हाडीही तिच्याच. शेजारच्या स्वीडनमध्ये १९०२ साली सुरू झालेल्या ग्रेन्सफोर्श कारखान्यात तर कुऱ्हाड घडवणारा लोहार पात्यावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उमटवतो. काम चोख असेल तरच कारागीर आपली सही करतो.

११. कुऱ्हाड वापरायचं लायसन्स

अमेरिकेतल्या स्काऊट मुलांना चाकू-कुऱ्हाड हाताळायच्या आधी धडे घ्यावे लागतात. पास झालं की एक कार्ड मिळतं. बेफिकिरी दिसली की कार्डाचा एक कोपरा कापायची रीत आहे. चारही कोपरे गेले की कार्ड गेलं, पुन्हा पहिल्यापासून शिका! कॅम्पवर लाकूड फोडायची जागा दोरी बांधून वेगळी केलेली असते आणि काम करणाऱ्याशिवाय आत कुणी जात नाही. हात आणि कुऱ्हाड लांब करून गोल फिरल्यावर जेवढी जागा व्यापली जाते, तेवढ्यात माणूस, फांदी, तंबूची दोरी काहीही नको. कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात देताना घेणारा ‘थँक यू’ म्हणाला की मगच देणाऱ्याने हात सोडायचा. हे सौजन्य तर आहेच, शिवाय पकड पक्की झाल्याची ती खूण आहे.

१२. नेताना कशी न्यावी?

सॅकला बांधायची तर पात्यावर चामड्याचं किंवा जाड कापडाचं म्यान हवंच. हातात न्यायची तर पात्याच्या अगदी जवळ धरावी, धार जमिनीकडे, हात बाजूला सरळ. उतारावरून तिरपं चालताना दरीच्या बाजूच्या हातात धरावी. पाय घसरला तर ती लगेच दूर फेकता येते आणि आपण तिच्यावर पडत नाही. लहानपणापासून खांद्यावर कुऱ्हाड टाकून रान फिरलेल्या धनगराची बात वेगळी, शहरातून आलेल्या ट्रेकरने ती नक्कल करू नये.

१३. छोटी कुऱ्हाड, मोठी काळजी

लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुतेकदा जमिनीत रुतते. आखूड दांड्याचा घेर कमी, म्हणून ती चुकली की गुडघ्याकडे किंवा नडगीकडे येते. यावर उपाय सोपा आहे: गुडघे टेकून बसा, लाकूड पुढे ठोकळ्यावर ठेवा, मग फोडा. चुकलेला घाव जमिनीत जातो. दुसरा नियम धारेचा. बोथट कुऱ्हाड लाकडावरून घसरते, म्हणून तीच जास्त घातक. निघण्याआधी कानस फिरवा आणि दगडावर धार काढा. धार फारच गेली असेल तर लोहाराकडून शेवटून आणा.

१४. आगीतून आलेली कुऱ्हाड

ऑगस्ट १९१० मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. वनखात्याचे रेंजर एड पुलास्की यांनी आगीत सापडलेल्या आपल्या सुमारे ४५ जणांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं आणि बहुतेकांचे प्राण वाचवले. पुढे त्यांनी एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं असलेलं हत्यार रूढ केलं. एकाने मुळं तोडायची, दुसऱ्याने माती उकरून आगीची वाट अडवायची. ‘पुलास्की’ याच नावाने ते आजही वणवा विझवणाऱ्यांच्या हातात असतं.

१५. कुऱ्हाडीने घडवलेले नेते

१८६० साली इलिनॉय राज्यातल्या पक्षमेळाव्यात कुंपणाची दोन लाकडं मिरवत आणली गेली. ती तरुणपणी अब्राहम लिंकननी फोडलेली आहेत असं सांगण्यात आलं आणि ‘लाकूडफोड्या’ हा किताब त्यांना चिकटला. त्याच वर्षी ते अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. इंग्लंडचे विल्यम ग्लॅडस्टन यांचा तर झाडं तोडणं हा छंदच होता. १८६८ मध्ये पंतप्रधानपदासाठी राणीचं बोलावणं येत असल्याची तार पोचली, तेव्हा ते आपल्या हावर्डन इथल्या इस्टेटीत झाड तोडत होते. आपल्या पुराणांतही कुऱ्हाड मोक्याच्या जागी आहे. वटपौर्णिमेच्या कथेतला सत्यवान लाकूड फोडत असतानाच डोकं दुखू लागून सावित्रीच्या मांडीवर कलंडतो.

१६. खेळ, शरीर आणि विमान

स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशात ओंडक्यावर उभं राहून, दोन पावलांच्या मध्ये घाव घालत तो तोडायच्या शर्यती होतात. टास्मानियातल्या लॅट्रोब गावात १८९१ पासून लाकूड तोडायच्या स्पर्धांना संघटित रूप आलं. बोलिव्हियातल्या चिमाने जमातीच्या पुरुषांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की तासभर झाडं तोडल्यावर त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन सुमारे ४७ टक्क्यांनी वाढलं. फुटबॉल खेळल्यावरची वाढ होती सुमारे ३० टक्के. आणि विमानाचं सांगायचं तर, प्रवाशाने हातसामानात कुऱ्हाड न्यायला बंदी आहे. म्यानात घालून, नीट गुंडाळून ती चेक-इन सामानात टाकावी लागते. पण अमेरिकी नियमानुसार १९ पेक्षा जास्त प्रवाशांच्या विमानात संकटकाळी वापरायची कुऱ्हाड असलीच पाहिजे.

१७. सह्याद्रीत मात्र कुऱ्हाड घरी ठेवा

हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, कर्नाळा ही आपली लाडकी ठिकाणं अभयारण्यांत येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथून परवानगीशिवाय लाकूड काढता येत नाही. राखीव जंगलात मनाला येईल तिथे आग पेटवणं आणि झाड तोडणं भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्यात वनअधिकारी हत्यारही जप्त करू शकतात. हा नियम मनापासून पाळावा असं वाटण्याचं एक सुंदर कारण आहे. जंगलात पडलेलं लाकूड वाया गेलेलं नसतं. भुंगेऱ्यांच्या अळ्या, विंचू, सापसुरळ्या त्यात राहतात, आणि भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री हिरवट उजळणारी बुरशी उगवते ती कुजक्या लाकडावरच. ते लाकूड शेकोटीत घातलं की हे सगळं जातं.

मग ट्रेकला चूल कशी पेटवायची? पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवणाची किंवा मुक्कामाची सोय कराल, त्यांनाच सरपणाचं विचारा आणि त्याचे पैसे द्या. शेकोटी त्यांच्या अंगणात करा, गडावर गॅसचा छोटा स्टोव्ह न्या. कुऱ्हाड चालवायची हौस असेल तर त्याच अंगणात, घरधन्याच्या देखरेखीखाली दोन ओंडके फोडून बघा. भेग कुठे शोधायची, गाठ कशी टाळायची हे तो जितकं नेमकं दाखवील तितकं कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. त्याच्या सरपणाला भाव मिळेल, तुमच्या हाताला कसब लागेल आणि गडावरचं रान शाबूत राहील.